शेवटच्या तासाला आलेला मजूर

सोलापुरातील एका भगिनीचे चार पानी हस्तलिखित पत्र आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे पत्रातील मजकूर येथे थोडक्यात देत आहे. त्यांचे पती यंत्रमागावर कामाला होते. लग्नानंतर काही वर्षांतच ते दारूच्या आहारी गेले, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येणे सुटले आणि पुढची २० वर्षे या भगिनींनी शिवणकामावर घर चालविले. गेल्या वर्षी पती अंथरुणाला खिळले. अखेरच्या दिवसांत त्यांनी स्वतःहून पाळकसाहेबांना बोलावून घेतले, रडत रडत आपली पापे कबूल केली, प्रभुभोजन घेतले आणि त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. आता धाकटे दीर एका प्रार्थनागटात जाऊ लागले आहेत. त्यांचे म्हणणे असे की पुढचे वर्ष संपण्याच्या आत ख्रिस्त येणार आहे; भावाने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेला नव्हता आणि त्याचा पश्चात्ताप भीतीपोटी होता, म्हणून त्याचे तारण, म्हणजे पापातून सुटका, झालेले नाही; आणि जग संपणारच आहे तर राहते घर विकून तो पैसा प्रभूच्या कामाला द्यावा. भगिनींची १९ वर्षांची एकुलती एक मुलगी हे सारे ऐकून रात्र रात्र जागी असते. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, “कृपेनेच तारण होते असे लहानपणापासून ऐकले. मग शेवटच्या दिवशी कर्मांचा न्याय कशासाठी? आणि माझ्या नवऱ्याचे काय झाले असेल?”

ताई, सलाम.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा माझे मन एकाच प्रसंगापाशी थांबले. एके दुपारी तुमची मुलगी कॉलेजातून घरी आली तेव्हा दार सताड उघडे होते, गॅसवर दूध उतू जात होते आणि तुम्ही घरात नव्हता. तुम्ही शेजारच्या घरी ब्लाउजचे माप घ्यायला गेला होता. परत आलात तेव्हा ती उंबऱ्यावर बसून “आई गेली, मी राहिले” असे म्हणत थरथरत होती. विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, असे काकांनी तिला सांगितले होते. दिरांच्या भाकितापेक्षा, घराच्या प्रश्नापेक्षाही मला हे अधिक गंभीर वाटते, म्हणून येथूनच सुरुवात करतो.

काकांनी तिला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील जात्यावर दळणाऱ्या दोन स्त्रियांचे वचन दाखविले असणार: एक घेतली जाईल, दुसरी ठेवली जाईल. मुलीला म्हणावे, त्याच्या आधीच्या दोन-तीन ओळीही वाच. तेथे येशू नोहाच्या दिवसांची आठवण करून देतो. लोक खात-पीत होते, लग्ने करत होते, आणि जलप्रलय येऊन सर्वांना वाहवून नेईपर्यंत त्यांना काही समजले नाही. त्या कथेत ‘नेले गेले’ ते बुडालेले लोक आहेत आणि जे तारवात राहिले ते वाचले. म्हणूनच अनेक अभ्यासक म्हणतात की या वचनात ‘ठेवली जाणारी’ स्त्री ही कदाचित सुरक्षित स्त्री असावी. सर्वांना हा अर्थ मान्य आहे असे नाही. परंतु ज्या वचनाचा अर्थ असा दोन्ही बाजूंनी लागू शकतो, त्याच्या जोरावर एका मुलीची झोप उडविणे मला योग्य वाटत नाही.

दुसरा आधार थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा असतो आणि तो अधिक वजनदार आहे. इसवी सन ५० च्या सुमारास प्रेषित पौलाने ते पत्र थेस्सलनीका शहरातील मंडळीला लिहिले. त्या मंडळीत काही जण मरण पावले होते आणि मागे राहिलेल्यांना काळजी लागली होती की प्रभू येईल तेव्हा आमची मेलेली माणसे या आनंदाला मुकतील की काय. ताई, तुमचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न जवळजवळ एकच आहे. पौल उत्तर देतो की मेलेले मुकणार नाहीत, उलट ते आधी उठतील, आणि मग आपण सर्व मिळून प्रभूला सामोरे जाऊ. या शब्दांनी एकमेकांचे समाधान करा, असे सांगून तो हा विषय संपवितो. जे वचन शोक करणाऱ्यांच्या सांत्वनासाठी लिहिले गेले, ते तुमच्या घरात धाक घालण्यासाठी वापरले जात आहे.

‘सामोरे जाणे’ हा शब्द आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, फार नेमका आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आपान्तेसिस’ असा असून नव्या करारात तो मोजक्याच ठिकाणी येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात मध्यरात्री हाक येते की वर आला आहे, त्याला सामोऱ्या जा. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात रोममधील बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे येतात आणि त्याला घेऊन पुन्हा रोमला जातात. आपल्याकडे वऱ्हाड आले की मुलीकडची माणसे वेशीपर्यंत जातात ती वराला वाजतगाजत घरी आणण्यासाठी; त्याच्याबरोबर त्याच्या गावी पळून जाण्यासाठी कोणी जात नाही. शेगावची पालखी सोलापुरात येते तेव्हा स्वागताला शहराच्या टोकापर्यंत गेलेली माणसे पालखीसोबत शहरातच परततात. पौलाच्या मनातही असेच काही असावे असे मला वाटते: राजा आपल्या प्रजेकडे येत आहे आणि प्रजा त्याला घेऊन यायला निघाली आहे. घरातून आई नाहीशी होईल आणि गॅस चालूच राहील, हे चित्र त्या वचनात नाही. जगाच्या अंतापूर्वी येणाऱ्या महासंकटाच्या आधी विश्वासणाऱ्यांना गुपचूप उचलून नेले जाईल, ही शिकवण आजच्या रूपात १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून पसरली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांसहित बायबलमुळे ती जगभर पोहोचली. हे मत प्रामाणिकपणे बाळगणारे कितीतरी सज्जन माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु पहिल्या १८०० वर्षांतील मंडळीने तिच्यावाचून ख्रिस्ताची वाट पाहिली, एवढे तुमच्या मुलीला ठाऊक असायला हवे.

वचनांचे स्पष्टीकरण झाले तरी तिची झोप परत येईलच असे नाही. दोन महिने झोप नसलेल्या मुलीला प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची सोय आहे. आणि तेथे जायला ती संकोचत असेल तर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’ सेवेचा मोफत क्रमांक आहे, त्यावर घरबसल्या बोलता येते. यात विश्वासाची कमतरता मुळीच नाही. लूक स्वतः वैद्य होता.

तारखेबद्दल फार लिहीत नाही. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी देवदूतांना व पुत्रालाही ठाऊक नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, असे येशू स्वतः सांगतो; मग ते तुमच्या दिरांना कोठून कळले? अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता आणि काहींनी शेतातले पीकही काढले नव्हते. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख रेडिओवरून जगाला सांगितली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि पुढच्या वर्षी चूक कबूल केली. अशी कबुली देणे ही सोपी गोष्ट नाही आणि तेवढ्यापुरता मी त्यांचा आदर करतो; परंतु ज्यांनी त्यांच्या शब्दावर नोकऱ्या सोडल्या त्यांना त्या कबुलीने नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. प्रकटीकरणातील श्वापदाच्या ६६६ या आकड्याविषयी आणि आधार कार्डाविषयी तुम्ही एक ओळ लिहिली आहे, तिलाही एवढेच उत्तर पुरे: काही प्राचीन हस्तलिखितांत तो आकडा ६१६ असा आहे, आणि ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांची बेरीज केली तर एका रूपाने ६६६ आणि दुसऱ्या रूपाने ६१६ येते. त्या काळच्या वाचकांना छळणारा सम्राट त्यात दिसला असावा. तुमच्या आधार कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही.

घराचे मात्र सविस्तर सांगतो, कारण तेथे चूक झाली तर ती सुधारता येणार नाही. कोणत्याही कागदावर सही करू नका. घर तुमच्या पतीच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर आपल्या ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे एक तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि दोन तृतीयांश मुलांचा, म्हणजे येथे तुमच्या मुलीचा. भावाचा त्यात हिस्सा नाही. घर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर हिशेब वेगळा होईल. म्हणून आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढा आणि तो घेऊन वकिलांना भेटा. आणि दिरांना शांतपणे हेही विचारा की, जग पुढच्या वर्षी संपणार असेल तर पैशाची इतकी निकड कोणाला आहे? थेस्सलनीकातही काही जण काम सोडून बसले होते आणि त्यांना पौलाने लिहिले की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. तुमच्या शिवणयंत्राला पौलाची संमती आहे असे समजा.

आता तुमच्या पतीविषयी.

बाप्तिस्म्याचा मुद्दा आधी बाजूला करतो. सोलापुरातील जुन्या मराठी मंडळ्यांचे मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. १९७० साली नागपूरला उत्तर भारतातील सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ प्रौढांना बुडवून बाप्तिस्मा देणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात होते. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. तेव्हा तुमच्या पतीचा लहानपणचा बाप्तिस्मा अपुरा ठरविण्याचा अधिकार एका घरगुती प्रार्थनागटाला आहे असे मला वाटत नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या ज्या चोराला येशूने सुखलोकाचे वचन दिले, त्याला तर कोणत्याच रीतीने बाप्तिस्मा मिळाला नव्हता. त्याच्या पश्चात्तापात भीती अजिबात नव्हती, असे कोण म्हणेल?

परंतु ज्या कथेचा आधार मी तुम्हाला देऊ इच्छितो ती मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे नाक्यावर जाऊन मजूर ठरवितो, दिवसाची मजुरी एक दीनार. नऊ वाजता तो पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो, आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना पाचव्यांदा जातो. तेव्हाही काही जण तेथे उभेच असतात. तुम्ही दिवसभर येथे रिकामे का उभे आहात, असे तो विचारतो आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. संध्याकाळी कारभारी शेवटच्यांपासून सुरुवात करून मजुरी वाटतो आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक दीनार पडतो.

सोलापूरकराला ही कथा ऐकताना घशात काहीतरी अडकल्यासारखे होते, कारण आपल्या गावाचा सगळा हिशेब मोजून दाम देण्याचा आहे. विडीचे दाम हजारावर, मागावरचे नगावर, आणि तुमचे ब्लाउजवर. १२ तास उन्हात राबलेला आणि एक तास काम केलेला यांना सारखाच पैसा, हे आपल्या न्यायबुद्धीला पटत नाही. आणि पटू नये अशाच रीतीने येशूने ती कथा सांगितली आहे. शेवटचे आधी आणि पहाटेचे नंतर, असा वाटपाचा क्रम मुद्दाम ठेवला आहे, जेणेकरून पहाटेच्यांनी ते डोळ्यांनी पाहावे. ती मजुरी असती तर तिची वाटणी तासांवर झाली असती. कृपा म्हणजे नेमके हे: देणाऱ्याच्या मनाप्रमाणे मिळते, घेणाऱ्याच्या तासांप्रमाणे नाही. दीर म्हणतात की देव शेवटच्या तासाचा पश्चात्ताप मानत नाही. पण कथेतील धनी शेवटच्या तासाला स्वतः चालत नाक्यावर गेला होता. तुमच्या पतीने पाळकसाहेबांना बोलावले असे तुम्ही लिहिता. कृपेची शिकवण असे म्हणते की त्यांना आधी कोणीतरी बोलावले होते, म्हणून त्यांना बोलवावेसे वाटले. त्यांच्याविषयी अंतिम निकाल देण्याचा अधिकार मला नाही, तुमच्या दिरांना नाही. पण एखाद्याने मरण्यापूर्वी हात पुढे केला आणि तो हात देवाने झिडकारला, असे शास्त्रात कोठेही सापडत नाही.

मग कर्मांचा न्याय कशासाठी, हा तुमचा प्रश्न उरतो, आणि तो लहान प्रश्न नाही. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी ९५ मुद्दे मांडल्यापासून या प्रश्नावरून पश्चिमेकडील मंडळी दुभंगली. बरोबर ४८२ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे देव आपल्याला स्वीकारत नाही, केवळ कृपेने स्वीकारतो, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करते, असे त्या दोघांनी मिळून म्हटले. इफिसकरांच्या पत्रातही हाच क्रम आहे: दुसऱ्या अध्यायाच्या आठव्या व नवव्या ओळीत तारण हे देवाचे दान असून कर्माचे फळ नाही, आणि लगेच दहाव्या ओळीत सत्कृत्यांसाठी आपल्याला घडविले आहे. आपण नववी ओळ पाठ करतो आणि दहावी विसरतो. तुमचे दीर बहुधा उलटे करत असावेत.

न्यायाच्या दिवसाचे जे वर्णन मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे त्यात मला एक गोष्ट नेहमी विलक्षण वाटते. उजवीकडे उभ्या असलेल्यांना राजा सांगतो की मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले. आणि ते गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही केव्हा दिले? त्यांनी काही टिपून ठेवलेले नव्हते. हिशेब ठेवून आलेल्यांना तो दिवस जड जाईल असे मला वाटते. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातही कर्मांची पुस्तके उघडली जातात, पण त्यांच्याशेजारी आणखी एक पुस्तक उघडले जाते, जीवनाचे, आणि त्यात नावे आहेत. न्याय म्हणजे झालेल्या गोष्टी झाल्या नव्हत्या असे न म्हणणे. ज्या देवाने कृपा केली तोच देव न्यायासनावर बसणार आहे. तेथे दुसरा कोणी अनोळखी बसणार नाही. फार वर्षांपूर्वी, नवा पाळक असताना, नाताळाआधीच्या आगमनकाळात मी दहा कुमारींच्या दाखल्यातील विझलेल्या दिव्यांवर असा काही गर्जून उपदेश केला की मागच्या बाकावरील मुले रडू लागली. उपासना संपल्यावर विड्या वळणारी एक वृद्ध बाई दारात थांबून म्हणाली, “पाळकसाहेब, नवरदेव यायलाय म्हणून वऱ्हाडात कोण रडतंय व्हय?” मी त्यानंतर तो उपदेश पुन्हा केला नाही.

न्यायाविषयी हे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ तुम्ही खोडली आहे, पण शाई पुसट असल्यामुळे ती वाचता येते: “आणि तो वाचला असेल तर माझ्या २० वर्षांचे काय?” ताई, ही खोडलेली ओळ मला सगळ्या पत्रातील सर्वांत खरी ओळ वाटली. ज्या रात्री तुम्ही मुलीला घेऊन शेजारणीकडे झोपायला गेलात, ज्या महिन्यांत पगार घरापर्यंत आलाच नाही, ते सारे पतीवर झालेल्या कृपेने नाहीसे होत नाही. ते त्या पुस्तकांत लिहिलेले आहे. कृपेने त्यांचा हिशेब ख्रिस्ताने स्वतःवर घेतला असेल, पण तुमच्यावर अन्याय झालाच नाही असे कृपा म्हणत नाही, आणि तसे म्हणणाऱ्या कोणत्याही उपदेशकाचे तुम्ही ऐकू नका. नवऱ्याचे तारण व्हावे अशी आशा बाळगणे आणि त्याच्यावर रागावलेले असणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. माझ्या सेवेच्या काळात ज्या विधवांना मी भेटलो त्यांच्यापैकी पुष्कळ जणींच्या मनात त्या शेजारी शेजारीच राहत होत्या.

उधळ्या पुत्राच्या कथेतील थोरला भाऊ आठवा. वर्षानुवर्षे शेतात राबला, आणि घरी आला तर पैसा उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी वाद्ये वाजत होती. तो आत जायला तयार होईना. तेव्हा बाप बाहेर आला आणि त्याची समजूत घालू लागला: तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे. बाप दोन्ही मुलांसाठी घराबाहेर पडला, हे आपण विसरतो. तुमचे दीर वयाने धाकटे असले तरी या कथेत ते थोरल्याच्या जागी उभे आहेत, भावासाठी वाजणारी वाद्ये त्यांना सहन होत नाहीत. त्यांच्याशी भांडू नका, पण मुलीसमोर त्यांची प्रवचने होऊ देऊ नका. तुम्हीही काही प्रमाणात त्याच अंगणात उभ्या आहात, मात्र तुम्हाला तेथे उभे राहण्याचे कारण त्यांच्यापेक्षा फार मोठे आहे. थोरला शेवटी आत गेला की नाही हे लूकने लिहिलेले नाही.

पाळकसाहेबांना भेटाल तेव्हा ती खोडलेली ओळ त्यांना वाचून दाखवा. ते जमत नसेल तर प्रार्थनेत ती आहे तशीच म्हणा. स्तोत्रसंहितेत त्याहून कठोर ओळी आहेत आणि त्या कोणी खोडलेल्या नाहीत.